मदत हवी आहे : अठ्ठावीस किलोमीटरनंतर पाय आणि मन दोन्ही थांबतात

नमस्कार. पहिल्या मॅरेथॉनसाठी, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरसाठी, मी जळगावात मेहरूण तलावाकाठी पहाटे साडेचारला सराव करतो. २८ किलोमीटरपर्यंत श्वास आणि लय व्यवस्थित असते. त्यानंतर मात्र पोटऱ्या दगडासारख्या होतात, बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात आणि ‘आता बस’ एवढा एकच विचार डोक्यात फिरत राहतो. स्नायूंतील ग्लायकोजेनचा, म्हणजे इंधन म्हणून साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण याच सुमारास संपत येतो, म्हणून केळी आणि मीठ-साखरेचे पाणी सोबत ठेवतो. परंतु आपल्या खानदेशी उन्हाळ्यात (पहाटही उकडतेच) ते पुरत नाही. अनुभवी धावपटूंनी दर तासाला काय व किती घ्यावे, आणि मुख्य म्हणजे त्या टप्प्यात मन कशावर टिकवावे, हे कृपया सविस्तर सांगावे.