वायमार प्रजासत्ताक १९२३ मध्ये तगले, मग १९३३ मध्ये का कोसळले?

प्रश्न

वायमार प्रजासत्ताकाच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत आलेल्या लोकशाही राजवटीच्या, अपयशाची चर्चा निघाली की युद्धानंतरचा व्हर्सायचा तह आणि चलनवाढ ही दोन कारणे हमखास पुढे केली जातात. परंतु नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते, रूहर हे औद्योगिक खोरे फ्रेंच व बेल्जियन सैन्याच्या ताब्यात होते आणि म्युनिकमध्ये हिटलरने उठावही करून पाहिला, तरी लोकशाही टिकली. उलट जुलै १९३२ मध्ये लोझान परिषदेत युद्धभरपाई जवळजवळ रद्द झाली आणि पुढच्या जानेवारीत हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला. मग मूळ दुखणे कोणते मानावे?

प्रतिसाद १

माझ्या मते निर्णायक वर्ष १९३० हे आहे. हेर्मान म्युलर यांचे आघाडी सरकार त्या मार्चमध्ये पडले ते बेकारी विम्याच्या वर्गणीवरून. वेतनाच्या साडेतीन टक्के असलेली ही वर्गणी वाढवावी की भत्त्यांना कात्री लावावी, यावर समाजवादी लोकशाही पक्ष आणि उद्योगपतींचा कैवार घेणारा जर्मन लोकपक्ष यांचे जमले नाही. वाद जेमतेम अर्ध्या टक्क्याचा होता. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी बहुमत नसलेल्या ब्र्यूनिंग यांना चॅन्सेलर नेमले.

राज्यघटनेच्या कलम ४८ नुसार राष्ट्राध्यक्षांना वटहुकूम काढता येत असे, पण राईशस्टागने, म्हणजे संसदेच्या निर्वाचित सभागृहाने, मागणी केल्यास तो मागे घ्यावा लागे. जुलैमध्ये राईशस्टागने तशी मागणी केली, तेव्हा कलम २५ वापरून सभागृहच बरखास्त करण्यात आले आणि वटहुकूम नव्याने काढला गेला. एका कलमातला लगाम दुसऱ्या कलमाने असा सोडवून घेतल्यावर संसदेच्या हाती काय उरले? सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या.

प्रतिसाद २

कलमाला एवढा दोष देणे मला पटत नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनी तेच कलम शंभराहून अधिक वेळा वापरले आणि त्यातून प्रजासत्ताक वाचवले. फरक अधिकार कोणाच्या हाती होता याचा आहे. कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, गेला, पण त्याचे न्यायाधीश, सेनाधिकारी आणि नोकरशहा जागच्या जागी राहिले. म्युनिकच्या उठावाबद्दल राजद्रोहाच्या खटल्यात हिटलरला पाचच वर्षांची शिक्षा झाली आणि १९२४ च्या डिसेंबरात तो बाहेरही आला.

शिवाय मतदारांना या हिशेबातून वगळता येणार नाही. जुलै १९३२ मध्ये ६०८ जागांपैकी नाझींना २३० आणि कम्युनिस्टांना ८९ जागा मिळाल्या; म्हणजे प्रजासत्ताकच नको असणाऱ्या दोन पक्षांकडे मिळून बहुमत होते. अशा सभागृहातून लोकशाहीनिष्ठ सरकार निघणार तरी कसे?

प्रश्नकर्ता

म्हणजे १९३२ च्या उन्हाळ्यातच सारे संपले होते, असे म्हणायचे का?

प्रतिसाद १

नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या ३४ जागा घटल्या, सुमारे २० लाख मते गेली आणि पक्षावर कर्जाचा बोजा होता. बहुमत त्यांच्याकडे नव्हतेच. जानेवारीत माजी चॅन्सेलर पापेन, उजव्या राष्ट्रवादी पक्षाचे नेते हुगेनबर्ग आणि हिंडेनबुर्ग यांच्या भोवतालच्या मंडळींनी हिटलरला बोलावून सत्ता दिली, ती मंत्रिमंडळात त्याच्याखेरीज दोनच नाझी असल्याने तो आपल्या मुठीत राहील या भरवशावर.

आणि तोवर बचावाचे मोठे साधनही हातचे गेले होते. जर्मनीची सुमारे तीन पंचमांश लोकसंख्या असलेल्या प्रशिया या घटक राज्याचे समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालील सरकार तेव्हा चॅन्सेलर असलेल्या पापेन यांनी २० जुलै १९३२ रोजी, पुन्हा कलम ४८ चाच आधार घेऊन, दूर केले. काळजीवाहू असले तरी देशातील सर्वांत मोठे पोलीस दल त्याच सरकारकडे होते. समाजवाद्यांनी रस्त्यावर न उतरता न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. साठ लाखांच्या आसपास लोक बेकार असताना सार्वत्रिक संपाची हाक कोण ऐकणार, हा त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. हिटलरच्या मंत्रिमंडळात प्रशियाचे गृहखाते नाझी नेता गोरिंगकडे आले, आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याने त्याच दलात नाझींच्या निमलष्करी स्वयंसेवकांची साहाय्यक पोलीस म्हणून भरती केली.