पायथनमधून सी लायब्ररीला मराठी-कन्नड नावं देताना स्ट्रिंग तुटते

मलप्रभाकाठ, खानापूर
पतसंस्थेच्या पासबुक छपाईचं काम आहे. खातेदाराचं नाव आणि गाव मराठी आणि कन्नड, दोन्ही लिपींत छापायचं. नोंदी पायथनमध्ये, ओळ बसवणारी लायब्ररी जुनी, सी मधली. सीटाइप्सने (पायथनमधून सी ची फंक्शनं बोलावणारं मॉड्यूल) जोडलीय, ६४ बिट लिनक्सवर. तीन अडचणी आहेत:

'बेळगाव' तसंच दिलं तर सी मध्ये स्ट्रलेन (शून्य बाइट येईपर्यंतची लांबी) २ येते आणि कागदावर नुसता स्वल्पविराम उमटतो. यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) करून दिलं की बेळगाव, निपाणी नीट परत येतात, पण खानापूरला डीकोड अडतं: १८ व्या जागी ई० बाइट, पुढे डेटा नाही. आणि प्रोग्रॅम चालू ठेवला की मेमरी वाढतच जाते. लायब्ररीतला बफर (तात्पुरती जागा) २० बाइटचा आहे, निकाल स्ट्रडुप करून (नव्या जागेत प्रत काढून) परत येतो.

टिळकवाडी_सी
पहिली अडचण आर्गटाइप्स (फंक्शनला कोणत्या प्रकारची मूल्यं द्यायची ती यादी) न लिहिल्याची. ते नसेल तर सीटाइप्स पायथनची स्ट्रिंग वाइड कॅरेक्टर म्हणून पाठवतं, लिनक्सवर एका कोड पॉइंटला (युनिकोडमधल्या एका चिन्हाच्या क्रमांकाला) ४ बाइट. 'ब' म्हणजे ०९२सी, मेमरीत २सी ०९ ०० ००. २सी हा स्वल्पविराम, ०९ हा टॅब, पुढे शून्य. सी च्या दृष्टीने स्ट्रिंग तिथंच संपली. आर्गटाइप्समध्ये सी_चार_पी (बाइट्सच्या स्ट्रिंगचा पॉइंटर, म्हणजे पत्ता) लिहा, मग एनकोड न केलेली स्ट्रिंग दिली की पायथनच तिथल्या तिथे अडवेल.

दुसरी अडचण बफरची. देवनागरी आणि कन्नड, दोन्हीत एका कोड पॉइंटला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात. बेळगाव १८, निपाणी १८, खानापूर २१. शेवटच्या शून्याला एक सोडून १९ बाइट कॉपी झाले, म्हणजे 'खानापू' पुरतं आलं आणि 'र' चा पहिलाच बाइट, ई०, लोंबकळत राहिला. बफर थोडा वाढवून भागणार नाही बघा, 'श्री' हे दिसायला एक अक्षर, पण ४ कोड पॉइंट, १२ बाइट. फंक्शनला पॉइंटर आणि बाइटमधली लांबी, दोन्ही द्या. जागा कमी पडली तर किती बाइट हवेत ते त्याने परत सांगावं. छापताना नाव कापायचंच असेल तर ते पायथनमध्ये कापा, तेही हलंतावर किंवा मात्रेच्या आधी नाही.

घटप्रभा_रस्ट
मेमरी वाढण्याचं कारण रेसटाइप (फंक्शनकडून कोणत्या प्रकारचं मूल्य परत येतं ते). तिथे सी_चार_पी असेल तर सीटाइप्स लगेच बाइट्सची प्रत काढून देतं आणि मूळ पॉइंटर हातातून जातो, मग फ्री (जागा मोकळी) करणार तरी काय? सी_व्हॉइड_पी (नुसता पत्ता) ठेवा, स्ट्रिंग_अ‍ॅट ने वाचा, आणि लायब्ररीत एक 'सोडा' फंक्शन घालून तो पॉइंटर त्यालाच परत द्या. रेसटाइप रिकामाही ठेवू नका, मग तो इंट धरला जातो आणि ६४ बिटचा पत्ता अर्धा कापला जातो.

ज्याने जागा घेतली त्यानेच ती सोडायची. पुढे हा भाग रस्ट भाषेत नेलात तर इनटू_रॉ ने दिलेला पॉइंटर फ्रॉम_रॉ नेच परत घ्यायचा. त्यावर सी चं फ्री कधीही चालवू नका.

मलप्रभाकाठ, खानापूर
तिन्ही दुरुस्त झालं, आभारी आहे. आता 'कऱ्हाड' काही नोंदींत १८ बाइट भरतं, काहींत २१. दिसायला एकच, पण शोधताना जुळत नाही.

टिळकवाडी_सी
२१ वाल्यात बहुतेक साधा र, हलंत आणि झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आहे, १८ वाल्यात ऱ आणि हलंत. हे एनएफसी ने (सुटी चिन्हं जोडून एक करणारं युनिकोडचं ठरलेलं रूप) एक होत नाही, आधी बदलून घ्यावं लागतं. र खाली नुक्ता दिलेला प्रकारही २१ च भरतो, तो मात्र एनएफसी ने ऱ होतो. कन्नड चिक्कोडीतल्या दीर्घ ओ च्या मात्रेचं तसंच, सुटे तुकडे असतील तर ९ बाइट, एनएफसी नंतर ३. म्हणून आधी जॉइनर बदला, मग एनएफसी, मग एनकोड, आणि लांबी त्या बाइट्सचीच मोजून सी ला द्या.