प्रतिकृती गाडीवर मूळ कंपनीचा बिल्ला लावता येईल का?

दांडियाबाजारकर, बडोदे
नमस्कार. माझ्या थोरल्या भावाने मकरपुऱ्यातील एका वर्कशॉपमध्ये जुन्या मारुती जिप्सीच्या चॅसिसवर (सांगाड्यावर) फायबरची बॉडी चढवून, १९५०-५३ सालांतील एमजी टीडीसारखी (एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टीडी मॉडेलसारखी) दिसणारी उघडी गाडी बांधून घेतली आहे. ती वरातीसाठी भाड्याने द्यायची असून, पुढच्या जाळीवर एमजीचा अष्टकोनी बिल्ला हवाच, असा दादाचा आग्रह आहे. बिल्ला जुन्या बाजारातून घेतलेला, अस्सल आहे आणि गाडी प्रतिकृती असल्याचे आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगणार आहोत. एवढे पुरेसे आहे का?

वकील, सयाजीगंज
पुरेसे नाही. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ च्या कलम २९ मध्ये, म्हणजे चिन्हाच्या उल्लंघनाच्या कलमात, धंद्याच्या ओघात केलेला वापर हा कळीचा मुद्दा आहे. निव्वळ हौसेच्या गाडीबाबत निदान युक्तिवादाला जागा राहते, पण भाडे घेतले की ती बरीच आक्रसते. टीडीचे उत्पादन केव्हाच थांबले, म्हणून चिन्ह मोकळे झाले असेही नाही. नोंदणीचे दर १० वर्षांनी नूतनीकरण होत राहते, आणि एमजीच्या गाड्या आज आपल्या शेजारी हालोललाच तयार होतात. अस्सल बिल्ला विकत घेतल्याने ती वस्तू तुमची झाली, परंतु दुसऱ्याच कोणी बांधलेल्या गाडीची ओळख म्हणून तिचा वापर करण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

गिऱ्हाइकाला सांगून ठेवण्याविषयी म्हणाल, तर अमेरिकेतील फेरारी विरुद्ध रॉबर्ट्स (फेरारीसारख्या दिसणाऱ्या गाड्या बनवणारा) हा १९९१ चा निकाल जरूर पाहावा. गाडी खरी फेरारी नाही हे खरेदीदाराला ठाऊक असते, हा बचाव तिथे टिकला नाही, कारण रस्त्यावरून पाहणाऱ्याचा गैरसमज होतोच. आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारक नाही; पण वरातीत गाडी पाहणाऱ्या शेकडो लोकांना तुम्ही काय सांगणार? शिवाय खोटे चिन्ह लावल्याचा गुन्हा कलम १०३ खाली शाबीत झाल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि फसवणुकीचा हेतू नव्हता हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडतो.

जुन्या गाड्यांचा कारागीर
बिल्ल्याआधी आरसी बुक पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाहीत, आणि भाड्यासाठी परमिटही लागते. जाळीवर घराण्याच्या आद्याक्षरांचा पितळी मोनोग्राम करून बसवा. पॉलिश केल्यावर तो जुन्या गाडीला फार शोभतो.

दांडियाबाजारकर
मनापासून आभार. बिल्ला काढायला दादा तयार झाला आहे. जाहिरातीत एमजीचे नाव तरी घेता येईल का?

वकील, सयाजीगंज
‘एमजी टीडीच्या धर्तीवर, जिप्सीच्या चॅसिसवर बांधलेली गाडी’ असे साध्या अक्षरांत, मजकुराच्या ओघात लिहिल्यास प्रामाणिक उल्लेख म्हणून कलम ३० चा आधार घेता येईल. अष्टकोन छापू नका आणि ते नाव मथळ्यात घेऊ नका. मजकूर छापण्याआधी मला एकदा दाखवा.