प्रतिसाद: चादरीच्या जॅकेटवरचं कोमेजलेलं फूल

सोलापुरी चादरीच्या जॅकेटवर मनाची घुसमट भरतकामाच्या फुलांतून दाखवायची आहे, पण पाकळ्यांभोवती कापड गोळा होतं, असा प्रश्न आहे. चित्र चुकलेलं नाही. चादरीचं सूत जाड, वीण जॅकार्डची, म्हणजे नक्षी कापडातच विणलेली. सहापदरी दोऱ्याने सलग भरलं की टाका कापड ओढतो. दोनच पदर घ्या, मागे मलमलचा तुकडा कच्च्या टाक्यांनी जोडा. भरतकामाच्या रिंगमध्ये कापड फार ताणू नका, रिंग काढल्यावर ते आक्रसतं आणि सुरकुती तिथेच बसते. चादर आधी धुऊन घ्याच, सुती आहे, आटणार.

आता खरी गोष्ट. सगळं फूल भरलं तर ते नुसतं शोभेचं होतं. एक पाकळी पूर्ण भरा, दुसरीत लांब-आखूड टाके विरळ करत न्या, तिसरीची फक्त कड, उलट्या टिपेने (बॅकस्टिच). सुटत चाललेला धीर तिथे दिसतो. देठ मात्र साखळी टाक्याने घट्ट ठेवा. तोही सैल सोडला तर दुःख नाही, अर्धवट काम वाटतं. दोरे लोंबते ठेवायचे असतील तर प्रत्येकाच्या मुळाशी बारीक गाठ मारा, नाहीतर धुण्यात टाका उसवतो. आणि लाल दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग सोडला तर वापरू नका.