ब्रेक लाईट कधी लागतात, कधी नाही: स्विच बदलू की वायरिंग तपासू?

नाशिकचा_प्रवासी
मंडळी, गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, एएमटी गिअरबॉक्सची, म्हणजे क्लच पेडल नसलेली. पावसाळ्यापासून मागचे ब्रेक लाईट लहरीवर आलेत. जातात तेव्हा तिन्ही एकदम जातात, काचेतला वरचासुद्धा. त्याच वेळी गाडी स्टार्टही होत नाही. पेडल जोरात दाबत राहिलं की कधीतरी होते. इंजिनाचा पिवळा दिवा अधूनमधून पेटतो. ओळखीच्या पोराने स्कॅनर लावला तर पी०५०४ कोड आला. एका गॅरेजवाल्याने बोनेटही न उघडता "अख्खं वायरिंग काढावं लागेल" म्हणून सांगितलं. बजेट पंधराशे रुपये. शनिवारी आईला घेऊन कसारा घाटातून ठाण्याला जायचंय. आधी काय बघू?

अण्णा_तळेगाव
ब्रेक पेडलपाशी लाईट लावणारा स्विच असतो, तो बदला. माझ्या गाडीचं अगदी हेच होतं, साडेतीनशेचा स्विच टाकला, पुन्हा बघावं लागलं नाही. यात तपासायचं काय?

वेगवेडा
पंधराशेत काही होत नाही. चांगला स्कॅनर घ्या, मी सहा हजारांचा घेतलाय, सोसायटीतल्या निम्म्या गाड्या मीच बघतो. लाईव्ह डेटात ब्रेक स्विचच्या दोन ओळी दिसतात. पेडल दाबल्यावर दोन्ही बदलल्या पाहिजेत. एकच बदलली की कळलं.

रेवती_जो
बल्ब बघितलेत का? आमच्या गाडीत डिकीच्या बिजागरीपाशी, त्या रबरी नळीच्या आत वायर तुटली होती. डिकी उघड-मीट करून तुटते. शोधायला मेकॅनिकने दोन दिवस घेतले आणि पैसे वर.

संपत_ऑटोइलेक्ट्रिक
रेवतीताई, त्यांचे तिन्ही लाईट एकदम जातात. तीन बल्ब एका क्षणी जाऊन पुन्हा एका क्षणी येत नाहीत. डिकीची वायर तुटली तर डिकीतलाच लाईट जाईल, बाजूचे दोन लागतील. म्हणून दोष तिघांच्या सामाईक जागी शोधायचा: फ्यूज, ब्रेक स्विच, त्याचा कपलर (स्विचला वायरी जोडणारा प्लग), किंवा तिथून मागे जाणारी वायर. फ्यूज उडाला असता तर लाईट परत आलेच नसते, पण फ्यूज सॉकेटमध्ये सैल आहे का ते बघून घ्या.

पी०५०४ म्हणजे स्विचमधल्या दोन कॉन्टॅक्टचं एकमेकांशी जुळत नाही. नव्या गाड्यांत चार पिनांचा स्विच असतो. एक कॉन्टॅक्ट पेडल दाबल्यावर जुळतो, तो लाईटचा. दुसरा दाबल्यावर सुटतो, तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवायला. एकच बदलला तर ईसीयू कोड टाकतो. एएमटीला ब्रेकचा सिग्नल मिळाला नाही तर स्टार्टर फिरत नाही, तुमची दोन्ही लक्षणं तिथूनच आलीत.

आता करा असं. पेडलच्या वर, दांड्याजवळ स्विच दिसेल. टेस्ट लॅम्प, म्हणजे करंट आला की पेटणारा तपासणीचा छोटा दिवा, घ्या आणि त्याचा चिमटा बॉडीला लावा. लाईटच्या सप्लायच्या पिनेवर लॅम्प पेटला पाहिजे. मग पेडल दाबून त्याच कॉन्टॅक्टच्या दुसऱ्या पिनेवर बघा. इथे पेटत नसेल तर स्विच गेला. पेटतोय तरी मागे अंधार, तर वायर. पेडल दाबून धरून कपलर बोटांनी हलवा, दुसऱ्याला मागे उभं करा.

मीटरवाला
टेस्ट लॅम्प कशाला, मल्टिमीटर दोनशेत मिळतो. लॅम्प ईसीयूच्या वायरला लागला तर ईसीयू उडू शकतो.

संपत_ऑटोइलेक्ट्रिक
ईसीयूच्या दोन पिनांना लॅम्प लावायचा नाहीच, तिथे मीटरच, हे बरोबर. पण लाईटच्या वायरला नुसता मीटर फसवतो. वायरीतली केसासारखी एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मागे २१ वॅटचे दोन बल्ब आहेत, म्हणजे साडेतीन अँपियर वाहणार, आणि ती तार तेवढं पेलत नाही. दिव्याचा लोड लावल्याशिवाय खरं कळत नाही.

अण्णा_तळेगाव
एवढ्या वेळात स्विच बसवून झाला असता.

घाटमाथा
पेडलच्या पट्टीवर एक रबरी बूच असतं, ते बघा. माझं तुटून मॅटवर पडलं होतं, स्विचचा दांडा भोकातून आरपार गेला आणि लाईट रात्रभर चालू. सकाळी बॅटरी संपलेली.

मीटरवाला
ते लाईट चालू राहायचं लक्षण झालं, यांचे जातात.

वेगवेडा
एलईडी बल्ब टाकून द्या, करंटच कमी लागतो. मी चारही बाजूंनी एलईडी केलेत, रात्री गाडी लांबून ओळखू येते.

रेवती_जो
त्या एलईडीमुळे मागच्याच्या डोळ्यांसमोर अंधारी येते. घाटात तरी नकोत. आणि बल्ब बघा एकदा.

नाशिकचा_प्रवासी
सगळ्यांचे आभार. संपतदादांनी सांगितलं तसं बघितलं. रबर जागेवर आहे, फ्यूज घट्ट आहे. सप्लायवर लॅम्प झक्क पेटला. भाचा मागे उभा होता, मी कपलर डावीकडे दाबला की तो "गेले" म्हणायचा, सोडला की "आले". कपलर काढला तर एक पिन तपकिरी पडलीय, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक वितळून पिवळं झालंय आणि मादी पिनेचं, म्हणजे स्विचची पिन जिच्यात शिरते तिचं, तोंड फाकलंय.

संपत_ऑटोइलेक्ट्रिक
सापडलं. पिन सैल झाली, सैल जागी गरम झाली, गरम होऊन अजून फाकली. नुसता नवीन स्विच घालाल तर फाकलेली पिन तोही जाळेल. कपलरची पिन आणि स्विच दोन्ही बदला. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तासाभराचं काम आहे, तुमच्या बजेटात बसेल. नवा स्विच बसवताना पेडल हाताने दाबून धरायला सांगा, बऱ्याच स्विचांचा दांडा बसतानाच आपली लांबी ठरवतो. शेवटी कोड पुसून घ्या.

अण्णा_तळेगाव
म्हणजे स्विचच. मी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

मीटरवाला
कपलर निघाला, अण्णा. नुसता स्विच टाकला असता तर घाटात पुन्हा तेच.

वेगवेडा
मूळ कंपनीचाच स्विच घ्या, बाजारातल्याचा भरवसा नाही.

अण्णा_तळेगाव
माझा बाजारातलाच आहे, उत्तम चाललाय.

नाशिकचा_प्रवासी
दादा, तुमचं सगळं पटलं. तरी गाडी शोरूमलाच देतोय. ते पिन सुटी लावत नाहीत, कपलर वायरच्या तुकड्यासकट बदलणार आणि स्विच नवा. अंदाज चार हजारांच्या पुढे गेलाय. बजेट मोडलं, पण आई मागच्या सीटवर असते आणि त्या घाटात मागे कायम ट्रक असतो. लेखी वॉरंटी मिळतेय, मला ती हवीय. भाग सोमवारी येणार, तेव्हा शनिवारी आम्ही रेल्वेने जातो. जळालेला कपलर परत मागितलाय, मिळाला की फोटो टाकतो.