मदत हवी आहे: बोअरची जागा, नारळ की मशीन?

आटपाडी तालुक्यात दीड एकर डाळिंब आहे. गेल्या वर्षी पाणाड्याने दाखवलेल्या जागी 400 फूट बोअर मारली, नुसता फुफाटा निघाला. यंदा दुसऱ्याला बोलावलं. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, पण डोळे बांधून फिरवल्यावर तोच नारळ 40 फूट पलीकडे उभा! आता एकजण मशीनवाला मोबाईलवर रंगीत नकाशा दाखवून “280 फुटांवर पाणी” म्हणतोय. रीडिंग मागितलं तर देत नाही. पैसे एकाच बोअरपुरते आहेत, शेततळ्याला जागा नाही.

काळ्या पाषाणात पाणी भेगांतच सापडतं, एवढं कळतं. आपल्या भागात कुणी रेझिस्टिव्हिटी टेस्ट (जमिनीत वीज सोडून थरांचा विद्युत रोध मोजण्याची चाचणी) करून बोअर मारली आहे का? सांगितलेली खोली आणि प्रत्यक्ष लागलेलं पाणी यांत किती फरक पडला?