मदत हवी आहे: पांढराफेक हॉल उबदार कसा करायचा?

मंडळी, कोल्हापुरात ताराबाई पार्कात नवा फ्लॅट घेतलाय. हॉलच्या भिंती पांढऱ्या, खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एक करडा सोफा, बास. कमी सामान हा हट्ट माझाच आणि तो सोडायचा नाही. पण सासूबाई म्हणतात, "दवाखान्यात बसल्यागत वाटतंय गं." खरं सांगू? संध्याकाळी लाइट लागले की मलाही आपला नंबर कधी येणार असं वाटतं.

बल्ब ६५०० केल्विनचे, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाचे आहेत. ते काढून २७०० किंवा ३००० चे पिवळसर लावायचे, कोपऱ्यात एक उभा दिवा ठेवायचा, एवढं ठरलंय. बोलताना आवाज घुमतो, म्हणून जाड सुती पडदेही करणार.

अडलंय ते जमिनीवर. सतरंजी की घोंगडी? पट्टणकोडोलीची काळी घोंगडी सोफ्यापुढे झकास दिसेल, पण लोकर टोचते आणि घरात रांगतं बाळ आहे. त्यात आपला पावसाळा! ओल धरून वास येतो का, कुणी वापरली असेल तर सांगा. की सरळ भिंतीवरच लावू?

दुसरं, आजेसासूबाईंचा सागवानी पाट आणि तांब्याचा हंडा माळ्यावर पडून आहे. दोन्ही ठेवलं तर गर्दी होईल. हंड्यात मनी प्लांट लावायचा म्हटलं तर यजमान म्हणतात, हंडा तिथं असला की रोज चिंच घेऊन घासायला बसशील. तेही खरंच.

बजेट वीस हजारांच्या आत. राजारामपुरी-शाहूपुरीकडे पडदे नीट शिवून देणारं कुणी आहे का?